जोडगाड्यांचा मार्ग: एका शहर बसमार्गाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

शहर महाराष्ट्रातलंच, मोठं. शहराचं नाव आणि मार्गाचा क्रमांक देत नाही, आणि माणसं ओळखू येतील असे तपशीलही बदलले आहेत. मार्ग रेल्वे स्टेशनपासून निघतो, जुन्या पेठांमधून सरकत नदीवरचा पूल ओलांडतो आणि कॉलेजं, हॉस्पिटलं, नव्या सोसायट्या घेत उपनगरात संपतो. कागदावर दर दहा मिनिटांनी बस. थांब्यावरच्या माणसाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अर्धा तास एक येत नाही, आणि मग दोन-तीन एकदम."

परिवहन उपक्रमाने आमच्या डिझाइन गटाला बोलावलं ते या तक्रारीसाठी नव्हे. त्यांना थांब्यांवर वेळापत्रकाचे नवे फलक हवे होते. अक्षरं मोठी, रात्री दिसतील असे रंग, ज्येष्ठांना आणि नवख्यांना पटकन कळेल अशी मांडणी. काम स्वच्छ होतं, पैसे मंजूर होते आणि असे फलक आम्हाला येतात.

नमुना म्हणून एका थांब्यावर कागदी फलक लावला. दुसऱ्या दिवशी त्यावर कुणीतरी पेनने लिहिलं होतं: "सगळं खोटं." अक्षरांच्या आकाराबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. फलकावर लिहिलेली बस येतच नव्हती, तर तो सुवाच्य असून काय उपयोग?

अडचण नेमकी कुठे होती

जोडगाड्या, म्हणजे एकमेकींना चिकटून येणाऱ्या बस, का होतात, याची पहिली स्पष्टीकरणं डेपोतच मिळाली. अधिकारी म्हणाले, ड्रायव्हर शिस्त पाळत नाहीत. ड्रायव्हर म्हणाले, ट्रॅफिक. कंडक्टर म्हणाले, सुट्ट्या पैशांवरून वाद होतात, त्यात वेळ जातो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण या तिन्ही नसत्या तरी जोडगाड्या झाल्याच असत्या. हे पटवायला थोडं गणित लागतं आणि ते करण्यासारखं आहे.

समजा, प्रत्येक थांब्यावर मिनिटाला दोन प्रवासी येतात आणि एकाला चढायला तीन सेकंद लागतात. बस दहा मिनिटांनी आली तर वीस माणसं चढणार, म्हणजे एक मिनिट. आता एक बस सिग्नलला अडकून दोन मिनिटं उशिरा पोचली. तिच्यासाठी वीसऐवजी चोवीस माणसं उभी. तिला बहात्तर सेकंद लागतात, म्हणजे ती आणखी बारा सेकंद मागे पडते. तिच्या मागची बस मात्र वेळेवर आहे. तिला आठ मिनिटांतलीच गर्दी मिळते, सोळा माणसं, अठ्ठेचाळीस सेकंद. ती बारा सेकंद पुढे सरकते. एका थांब्यावर दोघींमधलं अंतर चोवीस सेकंदांनी कमी झालं. पुढच्या थांब्यावर फरक मोठा, म्हणून परिणामही मोठा. याच हिशेबाने पुढे जात राहिलं तर साधारण दहाव्या थांब्यापर्यंत मागची पुढचीला गाठते. कुणीही आळस केलेला नाही, कुणीही नियम मोडलेला नाही.

वाहतुकीच्या अभ्यासात हे नवं नाही. गॉर्डन न्यूवेल आणि रेनफ्री पॉट्स यांनी १९६४ मध्येच दाखवलं की ठरलेल्या अंतराने सोडलेल्या बसगाड्या आपोआप त्या अंतरावर टिकत नाहीत. बिघाड कुठल्याही एका सुट्या भागात नसतो. बस, प्रवासी आणि मागची बस यांच्या एकमेकांवरच्या परिणामातून तो तयार होतो आणि स्वतःलाच खतपाणी घालतो. गुंतागुंतीच्या व्यवस्थांचा अभ्यास करणारं कॉम्प्लेक्सिटी सायन्स ज्याला स्वतःला वाढवत जाणारं फीडबॅक म्हणतं, ते आपल्याकडे रोज सकाळी साडेनऊला पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर बघायला मिळतं.

अमेरिकी गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी १९४८ मध्ये विज्ञानापुढच्या प्रश्नांची तीन गटांत विभागणी केली होती. दोन-तीन घटकांचे साधे प्रश्न सूत्राने सुटतात. कोट्यवधी घटकांच्या विस्कळीत गुंत्यात सरासरी कामाला येते. यांच्या मध्ये असतात ते प्रश्न, जिथे घटक मोजता येण्याइतकेच असतात पण प्रत्येक जण दुसऱ्याला बांधलेला असतो. शहरं याच मधल्या गटात पडतात, हे शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये याच विभागणीच्या आधारे मांडलं. आमच्या मार्गावर एका वेळी धावणाऱ्या गाड्या बोटांवर मोजता येतील इतक्या होत्या. तरी सरासरी फसवी होती. ताशी सहा गाड्या सुटतात, म्हणजे सरासरी दहा मिनिटांनी एक, हे उपक्रमाचं म्हणणं खरंच होतं. पण सहाही गाड्या जोडीजोडीने आल्या तर प्रवाशाची सरासरी वाट पाच मिनिटांवरून दहा मिनिटांवर जाते. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, ड्रायव्हर तेवढेच, आणि वाट दुप्पट.

पहिला निर्णय: हे आपलं काम आहे का?

गटात यावर खरोखर भांडण झालं. फलक द्यावेत, बिल लावावं आणि जोडगाड्यांबद्दल अहवालात दोन परिच्छेद लिहावेत, असं एका बाजूचं म्हणणं. वाहतुकीचं नियोजन हे इंजिनिअरांचं काम, त्यात डिझायनरांनी नाक खुपसू नये. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जी वेळ पाळलीच जात नाही ती सुंदर अक्षरात छापणं म्हणजे प्रवाशाची फसवणूक.

डिझाइनच्या शिक्षणातून आलेल्या माणसाला या टप्प्यावर होर्स्ट रिटेल आठवतात. ते जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकवत आणि नंतर अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात गेले. मेल्विन वेबर यांच्याबरोबर १९७३ मध्ये त्यांनी लिहिलं की नियोजनातले काही प्रश्न असे असतात की प्रश्न काय आहे हे ठरवणं आणि उत्तर काय द्यायचं हे ठरवणं वेगळं करता येत नाही. "फलक वाचता येत नाही" असा प्रश्न मांडला की उत्तर फलकच निघणार. मला दुसरी बाजू पटली होती, पण ती जिंकली ती तत्त्वामुळे नाही. उपक्रमातल्या एका मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, "फलकाचं काम थोडं लांबवा. दरम्यान तुम्ही चौकीत बसलात तर मला चालेल." लेखी काही नाही. या तोंडी परवानगीवर पुढचं सगळं उभं राहिलं, आणि ते नंतर महागात पडलं.

कोणते पर्याय समोर होते

चार पर्यायांचा गांभीर्याने विचार झाला.

वेळापत्रकात ढील देणं हा सगळ्यात सोपा. पन्नास मिनिटांची फेरी साठ मिनिटांची दाखवायची. पण मग रिकाम्या रस्त्यावर गाड्या वेळ काढत रेंगाळतात, आणि गर्दीच्या वेळी साठही पुरत नाहीत.

दुसरा, थांब्यांवर "पुढची बस ७ मिनिटांत" असे डिजिटल फलक. उपक्रमाला हा फार आवडला होता, कारण तो दिसतो आणि त्याचं उद्घाटन करता येतं. प्रवाशाची तगमग त्याने कमी होते, हे मान्य. जोडगाड्या मात्र तशाच राहतात, फक्त त्यांची बातमी आधी कळते.

तिसरा, नियंत्रण कक्ष. जीपीएसवर सगळ्या गाड्या बघायच्या आणि ड्रायव्हरांना हळू चालवा, पुढे काढा असे आदेश द्यायचे. आम्ही कक्षात जाऊन पाहिलं. एका माणसासमोर शहरातले सगळे मार्ग होते आणि फोन सतत वाजत होता, बहुतेक वेळा ब्रेकडाऊनसाठी. त्याने आमच्या मार्गातल्या दोन-दोन मिनिटांच्या चुका सुधारत बसावं ही अपेक्षाच चूक होती.

चौथा पर्याय अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधून आला. जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत वेळापत्रक नाहीच, दहा मिनिटांचं लक्ष्यही नाही. बस नियंत्रण थांब्यावर, म्हणजे जिथे तिला थोडं थोपवून धरायचं अशा ठरलेल्या थांब्यावर, आली की एकच गोष्ट बघायची: मागची बस किती मिनिटांवर आहे? त्या वेळेच्या ठरलेल्या हिश्श्याइतकं थांबायचं आणि निघायचं. त्यांच्या कॅम्पसवरच्या बसमार्गावर हे चालवूनही पाहिलं होतं.

आम्ही हिस्सा अर्धा धरला. दोन गाड्या जोडीने टोकाला आल्या, एका मिनिटाच्या अंतराने, आणि तिसरी दुसरीच्या मागे एकोणीस मिनिटांवर आहे, असं धरा. पहिलीच्या मागे एक मिनिट, म्हणून ती अर्ध्या मिनिटात सुटते. दुसरीच्या मागे एकोणीस, म्हणून ती साडेनऊ मिनिटं थांबते. सुटताना दोघींमध्ये बरोबर दहा मिनिटं. दहा हा आकडा नियमात कुठेही लिहिलेला नाही. मार्गावर किती गाड्या आहेत आणि फेरीला किती वेळ लागतो, यातून तो आपला आपण निघतो. एखादी गाडी बंद पडली तर उरलेल्या गाड्या नव्या अंतरावर पसरतात, कुणाला वेळापत्रक नव्याने काढावं लागत नाही.

चौथा पर्याय निवडला, पण जसाच्या तसा नाही. कॅम्पसवरची बस आणि आपल्या शहरातली बस यांत जमीन-अस्मानाचा फरक. तिथल्या ड्रायव्हरला दिवसाच्या फेऱ्या मोजून द्याव्या लागत होत्या का, उत्पन्नावरून कंडक्टरला प्रश्न विचारले जात होते का, याचं उत्तर सूत्रात नसतं.

काय केलं

सुरुवात डेपोच्या कँटीनमध्ये झाली. फरशीवर खडूने मार्ग आखला, थांब्यांच्या खुणा केल्या, सोड्याच्या बाटल्यांची झाकणं गाड्या म्हणून ठेवली आणि प्रवासी किती चढले हे फाशांवर ठरवलं. पाळी संपवून चहाला आलेले ड्रायव्हर भोवती जमले. थोड्याच वेळात दोन झाकणं एकमेकांना चिकटली, तेव्हा एक जुने ड्रायव्हर हसले: "पुढची गाडी पॅसेंजर ओढते आणि मागची हवा खाते. यात काय नवीन दाखवताय, साहेब?"

आमच्या दृष्टीने हा कामातला सगळ्यात महत्त्वाचा तास. कारण मग ड्रायव्हरांनीच सांगितलं की ते यावर आपल्या परीने उपाय करतातच. मागचा ओळखीचा असेल तर पुढचा त्याला हाताने खूण करून पुढे काढतो आणि मग दोघं आलटून-पालटून थांबे घेतात. पण ओलांडून गेलेल्या गाडीच्या कंडक्टरचं उत्पन्न वाढतं आणि मागच्याचं घटतं, त्यामुळे कंडक्टर तयार नसतात. अर्धा-अर्धा थांबण्याचा नियम झाकणांवर चालवला तेव्हा झाकणं सुटी झाली आणि बऱ्याच जणांना ते पटलं. फक्त एकाने विचारलं, "थांबलो आणि शेवटची फेरी राहिली, तर पगार कुणाचा कापणार?"

या प्रश्नाने आराखडा बदलला. नियमाबरोबर तीन गोष्टी जोडल्या. थांबल्यामुळे झालेला उशीर लॉगशीटवर कंट्रोलर, म्हणजे टोकाच्या चौकीतून गाड्या सोडणारा कर्मचारी, वेगळ्या खुणेने लिहील आणि तो ड्रायव्हरच्या खात्यात जाणार नाही. थांबणं फक्त दोन टोकांना, मधे कुठेही नाही. पुलाजवळच्या थांब्यावर एकदा करून पाहिलं, तर भरलेल्या बसमधून "चला की आता, झोपलात काय?" असा आरडाओरडा झाला, आणि प्रवाशांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. तिसरी गोष्ट, दोन्ही टोकांच्या कंट्रोलरना गणित करायला लागू नये म्हणून एक तक्ता.

तक्ता तेवढाच काय तो आमच्या हातचा, डोळ्यांना दिसणारा डिझाइनचा भाग. हातभर लांब पुठ्ठा. डावीकडे मागची बस किती मिनिटांवर, उजवीकडे किती थांबायचं. पत्र्याच्या चौकीत दिवा मंद असतो आणि कंट्रोलरचा चष्मा बहुतेक वेळा खिशातच असतो, म्हणून आकडे दोन बोटं उंच. मागची बस कुठे आहे हे कळायला सुरुवातीला फोन होता. नंतर दोन्ही टोकांच्या कंट्रोलरनी स्वतःच एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आणि मधल्या चौकातल्या चेकरलाही त्यात घेतलं. आम्ही सुचवलेल्या नोंदवहीपेक्षा तो कितीतरी चांगला चालला.

काय झालं

दुपारच्या वेळात नियम बसला. सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेचारच्या दरम्यान जोडगाड्या क्वचित दिसू लागल्या. एका दुपारी एक गाडी पुलावर बंद पडली. पूर्वी अशा वेळी उरलेला दिवस वाया जायचा. त्या दिवशी साधारण दोन फेऱ्यांमध्ये उरलेल्या गाड्या थोड्या मोठ्या पण सारख्या अंतरावर आल्या. कंट्रोलर आमच्याकडे बघून म्हणाले, "मी काहीच केलं नाही हो." त्यांना वाटलं, आम्ही वरून कुणाला तरी फोन लावला.

मग न ठरवलेलं सुरू झालं. शेवटच्या काही थांब्यांवर गाड्या जोरात येऊ लागल्या, एखाद्या थांब्यावर हात दाखवणाऱ्याला न घेताच पुढे. कारण शोधायला वेळ लागला नाही. टोकाला जितक्या लवकर पोचाल तितकी मागची बस लांब, आणि ती जितकी लांब तितकं जास्त थांबणं. दोन मिनिटं लवकर पोचलं की एक मिनिट जास्तीचं मिळतं, आणि तेही अधिकृत. चहा, बाथरूम, पाय मोकळे करणं. बारा-तेरा थांब्यांवर क्लच दाबलेल्या माणसाला ते मिनिट मोलाचं असतं. याला बेशिस्त म्हणणं सोपं आहे. माझ्या मते ड्रायव्हरांनी नियम आमच्यापेक्षा नीट वाचला होता.

इथे पुन्हा दोन वाटा होत्या: चेकर उभे करून दंड करायचा, किंवा नियमच असा करायचा की पळवण्याचा फायदा उरू नये. दुसरं केलं. मागच्या बसचं अंतर टोकाला न मोजता तीन थांबे अलीकडच्या चौकात मोजायचं, जिथे तो व्हॉट्सअॅपवरचा चेकर बसतो. चौकानंतर कितीही पळवा, थांबण्याची मिनिटं तीच. शिवाय प्रत्येक फेरीला तीन मिनिटं विश्रांती, काहीही झालं तरी. पळापळ बऱ्यापैकी थांबली.

संध्याकाळ मात्र जमलीच नाही. पाचनंतर पूल इतका तुंबायचा की गाड्या टोकाला पोचेपर्यंत थांबण्यासाठीची सगळी मिनिटं रस्त्यानेच खाल्लेली असायची. नियमाला खेळायला जागाच उरत नव्हती. त्यात मधल्या पट्ट्यात दुसऱ्या मार्गाच्या गाड्याही तेच प्रवासी उचलतात, आणि आमचा नियम त्यांना ओळखत नव्हता.

आम्ही सुचवलं की संध्याकाळी त्याच गाड्या दहाऐवजी कागदावर बारा मिनिटांनी सोडा. सारख्या अंतराने आलेल्या बारा मिनिटांच्या गाड्यांना प्रवासी सरासरी सहा मिनिटं थांबतो. जोडीने येणाऱ्या दहा मिनिटांच्या गाड्यांना दहा. हिशेब कुणी नाकारला नाही. पण बैठकीत उत्तर आलं, "फेऱ्या कमी केल्या असं पेपरात येईल, त्याचं काय?" विषय तिथेच मिटला.

खरा घाव वेगळ्या बाजूने बसला. उपक्रमाच्या मासिक तपासणीत प्रत्येक डेपोचं मोजमाप वेळापत्रकाप्रमाणे सुटलेल्या फेऱ्यांवर होतं. आमच्या नियमाने चालणारी गाडी व्याख्येनेच वेळापत्रक मोडते. त्यामुळे थांब्यावरचा माणूस कमी ताटकळत असताना कागदावर हा मार्ग घसरत गेला. तोंडी परवानगी देणारे अधिकारी बदलून गेले. नव्यांनी तक्ता पाहिला, मोजमाप पाहिलं आणि नियम बंद करण्याचा आदेश काढला. त्यांच्या खुर्चीत बसून मीही बहुधा तेच केलं असतं.

उपनगराच्या टोकाच्या चौकीत तक्ता अजून लावलेला आहे. तिथले कंट्रोलर दुपारी तो अंदाजाने वापरतात आणि लॉगशीटवर वेळापत्रकातली वेळ लिहितात.

वेगळं काय करता आलं असतं

मोजमाप आधी, नियम नंतर. लंडनमध्ये वारंवार धावणाऱ्या मार्गांवर बस कंपन्यांना वेळापत्रकावरून नाही, तर प्रवाशाला अपेक्षेपेक्षा किती जास्त थांबावं लागलं यावरून जोखलं जातं. तिथे अंतर राखणाऱ्याला बक्षीस मिळतं. आपल्याकडे एका मार्गापुरती, काही महिन्यांपुरती जरी तशी दुहेरी नोंद ठेवण्याची लेखी मुभा आधी घेतली असती, तर नव्या अधिकाऱ्यांसमोर एकाऐवजी दोन आकडे असते. ही मुभा मागताना प्रयोग सुरू व्हायच्या आतच बंद पडण्याचा धोका होता, हेही खरं. चौकीतून सुरुवात केल्यामुळे ड्रायव्हर सोबत आले. वरून सुरुवात केली असती तर ते आले असते का, याची मला शंका आहे.

कंडक्टरांना फार उशिरा घेतलं. कँटीनमधल्या खेळात भोवती ड्रायव्हरच होते. उत्पन्नाची मोजणी गाडीनिहाय न ठेवता मार्गाची एकत्र ठेवली, तर पुढच्या गाडीला गर्दी ओढण्याचं आणि मागच्याला पुढे काढू न देण्याचं कारणच उरत नाही. नियमाइतकाच हा बदल महत्त्वाचा होता, आणि तो कुणी मांडलाच नाही.

संध्याकाळचा नकार टाळता आला असता असं मला वाटत नाही. पण प्रस्ताव "बारा मिनिटांनी बस" असा न मांडता "एका गाडीची राखीव वेळ" असा मांडता आला असता. मार्गावर एक गाडी वाढवायची, अंतर दहाच ठेवायचं, आणि वाढलेला वेळ टोकांना थांबण्यासाठी वापरायचा. त्याला पैसे लागतात, पण पेपरात "फेऱ्या कमी" असं येत नाही.

मूळ कामाचं म्हणाल तर फलक शेवटी दिले. त्यांवर मिनिटाबरहुकूम वेळा छापल्या नाहीत. पहिली बस, शेवटची बस, आणि मधल्या काळासाठी "साधारण दर १० ते १५ मिनिटांनी". उपक्रमाला हे फार मोघम वाटलं आणि मंजुरीला दोन फेऱ्या जास्त लागल्या. नमुन्याच्या थांब्यावरच्या नव्या फलकावर अजून कुणी काही लिहिलेलं नाही.